वाचकांचे प्रश्न : डिझेल इंजिनाच्या गिअर केसमधले कंपाउंड

गेल्या महिन्यात या सदरात रेल्वेच्या डिझेल इंजिनातल्या ट्रॅक्शन मोटरच्या, म्हणजे चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरच्या, देखभालीविषयी लिहिले होते. त्यानंतर नागपूर आणि परिसरातून आलेली निम्म्याहून अधिक पत्रे मोटरविषयी नसून मोटरशेजारच्या गिअर केसविषयी, म्हणजे पिनियन (मोटरवरचे लहान दातेरी चाक) आणि बुल गिअर (आसावरचे मोठे दातेरी चाक) ज्या पत्र्याच्या पेटीत फिरतात तिच्याविषयी आणि तिच्यातल्या वंगणाविषयी आहेत. इंजिनाच्या या भागाची आठवण तो बिघडल्याशिवाय फारशी कोणाला होत नाही, त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका शेडच्या भेटीत आम्ही इंजिनाखालच्या पिटमध्ये, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यात, उतरलो, तेव्हा एक कर्मचारी गिअर केसच्या तोंडातून डांबरासारखा काळा, चिकट पदार्थ लाकडी पट्टीने आत ढकलत होता. मोटारगाडीच्या गिअरबॉक्समध्ये पातळ तेल चालते, मग एवढ्या मोठ्या इंजिनाला हे डांबर कशासाठी? — एक विद्यार्थी, सदर (नागपूर)

आपल्याला तो पदार्थ डांबरासारखा वाटला यात नवल नाही, कारण तो डांबराच्याच कुळातला आहे. पारंपरिक कंपाउंड म्हणजे खनिज तेलाचा जड, बिटुमेनयुक्त भाग आणि त्यात मिसळलेली, प्रचंड दाबाखाली धातूचे रक्षण करणारी रसायने. पूर्वी या रसायनांत शिशाचे संयुग असे. पुढे त्याची जागा गंधक आणि फॉस्फरसच्या संयुगांनी घेतली. जुने फिटर त्याला अजूनही 'कार्डियम' म्हणतात, बाकी सगळ्यांच्या तोंडी नुसते 'कंपाउंड' असते.

हाच पदार्थ का, हे समजण्यासाठी मोटर कशी बसवलेली असते ते आधी पाहावे लागेल. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला सहा आस आणि प्रत्येक आसाला एक ट्रॅक्शन मोटर असते. मोटरची एक बाजू सस्पेन्शन बेअरिंगच्या आधाराने थेट आसावर टेकते आणि दुसरी बाजू, जिला मोटरचे नाक म्हणतात, ती बोगीच्या चौकटीवर टेकते. मोटरच्या दांड्यावर १८ दात्यांचे पिनियन आणि चाकाच्या आसावर ६५ दात्यांचा बुल गिअर असतो. फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतील रिचमंड शहराच्या ट्रामसाठी १८८८ मध्ये ही मांडणी यशस्वी करून दाखवली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. ती टिकून राहिली, कारण चाक रुळावर कितीही उसळले तरी मोटर आसाबरोबरच हलते आणि पिनियन व बुल गिअर यांच्यातले अंतर कायम राहते. मात्र यामुळे मोटरचे जवळजवळ निम्मे वजन आणि संपूर्ण गिअर केस यांना स्प्रिंगचा आधार मिळत नाही. रुळाच्या प्रत्येक सांध्याचा आणि रूळ बदलण्याच्या प्रत्येक काट्याचा धक्का त्यांना जसाच्या तसा बसतो.

आता भाराकडे वळू. डब्ल्यूडीएम-२ गाडी सुरू करताना सुमारे ३० टन ओढ देते, म्हणजे एका आसाच्या वाट्याला चाकाच्या कडेपाशी सुमारे ५ टन येतात. बुल गिअरचा व्यास चाकाच्या व्यासाहून कमी असल्यामुळे दात्यांवरचा जोर ५ टनांहूनही जास्त होतो, आणि हा सगळा जोर दात्याच्या एका अरुंद पट्टीवर पडतो. त्याच वेळी चाक जेमतेम फिरत असते. ताशी १० किलोमीटर वेगाला चाकाचे मिनिटाला सुमारे ४९ फेरे होतात आणि मोटरचे सुमारे १७५. पातळ तेल दात्यांच्या मध्ये स्वतःची फिल्म, म्हणजे पातळ थर, तयार करते ते वेगाच्या बळावर. वेग नसला की ते दाबाखाली बाजूला सरते आणि धातू धातूला भिडतो. नागपूर–इटारसी मार्गावरच्या धाराखोह–मरामझिरीच्या घाटात कोळशाने भरलेली मालगाडी घेऊन चढणाऱ्या इंजिनाची अवस्था नेमकी हीच असे, जोर पूर्ण आणि वेग अगदी कमी. कंपाउंड दात्याला चिकटून राहते, वेग नसला तरी निघून जात नाही, आणि जिथे फिल्म तुटते तिथे त्यातली रसायने तापलेल्या धातूवर एक पातळ रक्षक थर तयार करतात. तिकडे ताशी १२० किलोमीटर वेगाला हीच मोटर मिनिटाला सुमारे २१०० फेरे घेते आणि दर सेकंदाला सहाशेहून अधिक वेळा दाता दात्याला लागतो. त्या वेगातही कंपाउंडने दाते सोडून पेटीच्या भिंतींवर उडून जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

दुसरे कारण साधे आहे, पण मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. मोटारगाडीचा गिअरबॉक्स ही ओतीव, घट्ट बंद पेटी असते, तर गिअर केस म्हणजे पत्र्याचे दोन अर्धे भाग बोल्टने एकत्र आवळलेले असतात आणि त्यातून आस आरपार जातो. आसाभोवती फेल्टचे सील असते, आणि साध्या धातूच्या सस्पेन्शन बेअरिंगमध्ये आस थोडा इकडेतिकडे सरकतोच. अशा पेटीत पातळ तेल भरले तर दोन-चार फेऱ्यांतच ते रुळावर सांडून जाईल. कंपाउंडचा घट्टपणा हा दात्यांच्या गरजेइतकाच त्या पेटीच्या मर्यादेतून आलेला आहे.

प्रश्न : नागपूरजवळच्या एका सायडिंगवर मी फिटर आहे. आमच्याकडे सहा मोटरचे एक जुने डिझेल इंजिन शंटिंग करते. तिसऱ्या मोटरच्या गिअर केसमधले कंपाउंड दर आठवड्याला उतरते, म्हणून आम्ही दर वेळी ते भरतो आणि आता खबरदारी म्हणून थोडे जास्तच भरू लागलो आहोत. बाकीच्या पाच केस ठीक आहेत. त्यांपैकी पाचवीत तर वर्षभर काही घालावे लागलेले नाही. आमची पद्धत बरोबर आहे का? — एक वाचक, कामठी

आपण नियमित पाहणी करता ही फार चांगली गोष्ट आहे; तरीही या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला काळजीत टाकले, आणि दुसरी गोष्ट आपण तक्रार म्हणून लिहिलेलीही नाही.

आधी तिसऱ्या केसविषयी. सहांपैकी एकाच केसमध्ये कंपाउंड उतरत असेल तर दोष कंपाउंडचा नाही, केसचा आहे. आठवड्याला भरणे म्हणजे गळक्या माठात रोज पाणी ओतण्यासारखे आहे. इंजिन पिटवर घ्या, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, इंजिन कोणी हलवणार नाही याची खात्री करा, आणि केसची खालची बाजू कापडाने पूर्ण पुसून कोरडी करा. पुसल्याशिवाय गळती सापडत नाही, कारण जुन्या ओघळांवर धूळ आणि कोळशाची भुकटी बसून सगळीकडे सारखेच काळे दिसते. एक पाळी चालवून पुन्हा पाहिले की नवा, चकचकीत ओघळ कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसेल. तो दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा सांध्याची कड वाकली आहे. आसाभोवती असेल तर फेल्ट झिजले आहे. फेल्ट बदलूनही महिनाभरात पुन्हा गळती लागली तर सस्पेन्शन बेअरिंगची झीज मोजा, कारण आस ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हलत असेल तर कोणतेही फेल्ट टिकणार नाही. ओघळ पेटीच्या तळातून असेल तर बहुधा गिट्टीचा मार लागून पत्र्याला पोचा किंवा तडा गेलेला असतो. सायडिंगवर रुळांच्या मध्ये सांडलेल्या कोळशाचे ढीग साचत असतील तर तेही तळाला घासतात.

तडा आणि ढिले बोल्ट यांच्याकडे केवळ वंगणाचा प्रश्न म्हणून पाहू नका. केस पकडणारे बोल्ट तुटले की केस खाली लोंबकळते, आणि लोंबकळणारी केस काट्यात अडकली तर चाक रुळावरून उतरू शकते. त्यामुळे तळाला तडा दिसला तर ते इंजिन कामावर सोडू नये, असे मी ठामपणे सांगेन.

खबरदारी म्हणून जास्त भरण्याची सवय आजच सोडा. ठरलेल्या पातळीत बुल गिअरचे खालचे दाते कंपाउंडमध्ये बुडतात आणि फिरता फिरता ते वर पिनियनपर्यंत नेतात. एवढेच पुरेसे असते. पातळी त्याच्या वर गेली की गिअर कंपाउंड घुसळत राहतो, घुसळण्याने ते तापते, तापल्याने पातळ होते आणि पातळ झाले की सीलमधून बाहेर पडते. म्हणजे जास्त भरल्याने गळती वाढते. याहून वाईट म्हणजे मोटरच्या पिनियनकडच्या बेअरिंगमध्ये वेगळे ग्रीस असते. कंपाउंड तिथे शिरले की ते ग्रीस बिघडते, बेअरिंग तापते, आणि हिशेब गिअर केसवरून मोटरवर जातो. शिवाय बाहेर पडलेले कंपाउंड चाकावर आणि रुळावर लागले तर चाक घसरते, ते वेगळेच.

आता पाचव्या केसकडे, जिच्यात आपण वर्षभर काही घातलेले नाही. उघड्या-मिटत्या सांध्यांची आणि फेल्टच्या सीलची पेटी थोडे तरी कंपाउंड गमावतेच. ज्या केसची पातळी कधीच उतरत नाही तिच्यात दुसरे काहीतरी येत आहे, असा संशय मी आधी धरतो. शेजारच्या सस्पेन्शन बेअरिंगला लोकरीच्या वातीने पातळ तेल मिळते. त्या बाजूचे सील झिजले की ते तेल गिअर केसमध्ये उतरते, कंपाउंड पातळ होत जाते, आणि पातळी मात्र जागच्या जागी दिसते. पाचव्या मोटरच्या सस्पेन्शन बेअरिंगमध्ये इतरांपेक्षा जास्त तेल घालावे लागते का, हे नोंदवहीत पाहा. मला वाटते आपल्याला उत्तर तिथेच मिळेल. दुसरी शक्यता पाण्याची आहे. पावसाळ्यात झाकण नीट न बसल्याने किंवा इंजिन धुताना पाणी आत जाते, आणि मग कंपाउंडचा काळा चकाकता रंग जाऊन ते करडे, फेसाळ दिसू लागते. दोन्ही बाबतींत उपाय एकच : ते काढून टाका, पेटी साफ करा, कारण दूर करा आणि नवे भरा. पातळ झालेल्या कंपाउंडमध्ये घट्ट कंपाउंड मिसळून ते 'जमवू' नका.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक केसमधून चमचाभर कंपाउंड पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत घेऊन ते रॉकेलने सैल करा आणि थाळीखालून लोहचुंबक हळूहळू फिरवा. काजळासारखी बारीक भुकटी चुंबकामागे सरकली तर ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा नखाच्या कोरीसारखे चपटे तुकडे सापडले, तर दात्यांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे आणि केस उघडण्याची वेळ आली आहे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, आणि तिने मला जितक्या वेळा वेळेवर सावध केले तितके दुसऱ्या कोणत्याही तपासणीने केलेले नाही. झाकणातून हात मात्र कधीही आत घालू नका, इंजिन कितीही स्थिर वाटले तरी.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि हिवाळ्यात १० अंशांखाली येतो. एकच कंपाउंड दोन्ही ऋतूंत चालते का? — एक वाचक, धरमपेठ

चालते, पण दोन्ही ऋतूंत त्याची वागणूक वेगळी असते आणि पाहणीची पद्धतही बदलावी लागते. उन्हाळ्यात इंजिन उभे असतानाही रुळालगतची हवा तापलेली असते. त्यात मोटरची आणि घर्षणाची उष्णता मिळाली की कंपाउंड सैल होते आणि एरवी न गळणारा सांधा पाझरू लागतो. त्यामुळे मार्च संपण्यापूर्वीच सर्व सांधे आणि फेल्ट पाहून घ्यावेत. दोष तेव्हा लहान असतो आणि काम सोपे असते.

हिवाळ्यातला धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तो मी एका चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, मी ज्या शेडमध्ये होतो तिथे, जानेवारीतल्या एका पहाटे माझ्याकडे गिअर केस तपासण्याचे काम होते. झाकण उघडून पट्टी आत घातली, ती लगेच घट्ट कंपाउंडमध्ये रुतली, आणि मी नोंदवहीत 'पातळी योग्य' असे लिहून पुढच्या केसकडे गेलो. तिसऱ्या दिवशी त्या मोटरचा आवाज बदलल्याची तक्रार आली. केस उघडली तेव्हा तोंडाखाली कंपाउंडचा उंचवटा तसाच उभा होता. बुल गिअरने त्यात स्वतःपुरती चर कापली होती आणि त्या चरीत तो कोरडाच फिरत होता. पिनियनच्या दात्यांवर उष्णतेने आलेली निळसर झाक मी जवळून पाहिली. ती मला आजही आठवते. कंपाउंड पेटीत होते, दात्यांवर नव्हते, आणि मी फक्त पेटीतले मोजले होते.

म्हणून हिवाळ्यात पातळी पाहायची ती इंजिन कामावरून आल्यावर, केस कोमट असताना, थोडा वेळ थांबून दात्यांवरचे कंपाउंड खाली उतरू दिल्यावर. पट्टी एकाच जागी न रुतवता ती तिरकी करून गिअरच्या जवळपर्यंत न्यावी, आणि टॉर्चच्या उजेडात वरचे दाते ओले, काळे दिसतात का ते पाहावे. भरायचे कंपाउंड थंड असेल तर डबा आधी उबदार जागी ठेवावा, म्हणजे ते तोंडापाशी ढीग होऊन न बसता तळापर्यंत उतरते. अमेरिकेत कंपाउंड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत भरून मिळते; पिशवी तशीच केसमध्ये टाकतात आणि गिअर ती चिरडून आतला माल पसरवतो. हात स्वच्छ राहतात आणि मापही चुकत नाही, त्यामुळे ही पद्धत मला आवडते. मात्र ती खास त्यासाठी बनवलेल्या पिशवीनेच करावी.

प्रश्न : ६५ आणि १८ असे अवघड आकडे का निवडले? ७२ आणि १८ घेतले असते तर चौपटीचा सरळ हिशेब झाला असता. — गणिताचे एक निवृत्त शिक्षक, महाल

सर, हिशेब सरळ होऊ नये हाच त्यातला हेतू आहे. ६५ आणि १८ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता बुल गिअरच्या सगळ्या ६५ दात्यांना पाळीपाळीने भेटतो आणि तीच जोडी पुन्हा भिडते ती पिनियनच्या ६५ फेऱ्यांनंतर. तेवढ्यात चाकाचे १८ फेरे होतात. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर धरला तर इंजिन सुमारे ६२ मीटर पुढे गेलेले असते. झीज सर्व दात्यांवर सारखी वाटली जाते. आपल्या ७२:१८ मध्ये पिनियनचा एक दाता जन्मभर त्याच चार दात्यांना घासत राहिला असता. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनात ७४:१८ हे प्रमाण आहे. तिथे २ हा सामाईक विभाजक असल्याने प्रत्येक दाता ३७ दात्यांनाच भेटतो. डब्ल्यूडीजी-४ मध्ये ९०:१७, म्हणजे पुन्हा सगळ्यांची सगळ्यांशी गाठ.

वंगणाच्या दृष्टीने याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. पिनियनच्या एका दात्याचा टवका उडाला तर तो तुटका दाता त्या ६२ मीटरांतच बुल गिअरच्या प्रत्येक दात्याला लागून गेलेला असतो. म्हणूनच थाळीतला एक चपटा तुकडाही मी दुर्लक्षित करू देत नाही.

प्रश्न : नागपूरच्या मोतीबाग शेडमधल्या नॅरोगेज (अरुंद रुळांवरच्या) डिझेल इंजिनांतही हेच कंपाउंड असे का? — एक वाचक, इतवारी

नाही. त्या नॅरोगेज मार्गांवर धावलेली झेडडीएम-४ए ही इंजिने डिझेल-हायड्रॉलिक होती. त्यांच्यात ट्रॅक्शन मोटरच नसते. शक्ती द्रवाच्या माध्यमातून आणि पुढे दांड्यांवाटे आसांपर्यंत जाते. आसावरचे गिअर बंद पेटीत, तेलात फिरतात.

प्रश्न : आता आपल्या भागातल्या बहुतेक मार्गांवर विजेची इंजिने धावतात. मग ही सारी माहिती जुनी झाली नाही का? — एक वाचक, अजनी

शंटिंगसाठी, सायडिंगवर आणि अपघात मदत गाडीसाठी डिझेल इंजिने अजून लागतातच, आणि तारा तुटल्यावर धावून येते तेही डिझेलच. पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. आसावर टेकलेली मोटर, पिनियन, बुल गिअर आणि गिअर केस ही मांडणी विजेच्या इंजिनांतही आहे. इंजिन डिझेलचे असो किंवा विजेचे, दात्यांची गरज तीच राहते. डब्ल्यूएजी-७ सारख्या जुन्या पिढीच्या विजेच्या इंजिनांत कंपाउंडच वापरले गेले. आपल्या अजनीच्या शेडमधल्या डब्ल्यूएजी-९ सारख्या थ्री-फेज इंजिनांच्या गिअर केसमध्ये मात्र गिअर ऑइल असते, कारण तिथे आसाचे बेअरिंग रोलरचे आहे, आस जागचा हलत नाही, आणि म्हणून पेटी तेल धरून ठेवू शकते. दोन्ही प्रकारची इंजिने एकाच पिटवर येत असतील तर तेलाची आणि कंपाउंडची भांडी, पट्ट्या आणि फनेल पूर्णपणे वेगळी ठेवा आणि त्यांना वेगळे रंग द्या. तेलाच्या केसमध्ये कंपाउंडचा एक गोळा गेला तर तेल जाण्याच्या वाटा बुजतात, आणि कंपाउंडच्या केसमध्ये तेल गेले तर काय होते ते कामठीच्या वाचकांच्या पाचव्या केसमध्ये आपण पाहिलेच.